लाजराचे सोबती

शास्त्रपाठ : लूक १६:१९-३१



एका शरद ऋतूत कलकत्त्यास काही दिवस राहण्याचा योग आला. दुर्गापूजा नुकतीच आटोपली होती. रोज सकाळी मी रवींद्र सरोवराकाठी फिरावयास जाई. नगराच्या दक्षिण भागातील हा विस्तीर्ण तलाव १९२० च्या दशकात खोदण्यात आला व १९५८ साली त्यास रवींद्रनाथांचे नाव देण्यात आले. २०२० च्या मे महिन्यातील अम्फान वादळात येथील कित्येक जुने वृक्ष उन्मळून पडले. तरीही काठची गर्द झाडी मनास निववते.

तेथील दोन भटकी कुत्री पहिल्याच दिवसापासून माझ्या मागोमाग येऊ लागली. एके सकाळी त्यांतील एक वाटेत थांबले. बाकावर एक वृद्ध निजला होता. त्याच्या पायाच्या जखमेवर मळकी चिंधी गुंडाळलेली होती. कुत्रे जाऊन त्याच्या पायाशी बसले. मी मात्र पुढे गेलो. ‘फेरी पुरी झाल्यावर पाहू,’ अशी मनाची समजूत घातली.

तळ्याची वाट फिरून त्याच जागी येते. मी परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. पुढच्या दिवशीही तो वृद्ध दिसला नाही.

त्या रात्री लाजराचा दृष्टांत पुन्हा वाचला. श्रीमंत मनुष्याने लाजरास मारले किंवा दारातून हाकलले, असे प्रभू येशू म्हणत नाही. त्याला लाजर ठाऊक नव्हता, असेही नाही. कारण अधोलोकात तो त्याला नावाने ओळखतो! दारी पडलेल्याचे नाव त्यास ठाऊक होते, पण त्याच्यासाठी तो कधी थांबला नाही. थांबली ती कुत्री. त्यांनी फोड चाटले, यात काही भाष्यकार लाजराची विटंबनाच पाहतात. मला मात्र त्यात श्रीमंताविरुद्धची साक्ष दिसते. यहूदी लोक ज्यांना अशुद्ध मानीत, ते प्राणी जवळ आले. अब्राहामाचा पुत्र म्हणविणारा दूर राहिला.

याच दक्षिण कलकत्त्यात, कालीघाट येथे, १९५२ साली मदर तेरेसांनी ‘निर्मल हृदय’ उघडले व रस्त्यावर मरणोन्मुख पडलेल्यांना आश्रय दिला. रस्ते तेच होते. इतर पुढे गेले, त्या थांबल्या.

प्रियजनहो, परलोकातील ती मोठी दरी कोणास ओलांडता येत नाही. परंतु ती खणण्यास आपण येथेच आरंभ करतो, ‘नंतर पाहू’ या दोन शब्दांनी. आज आपल्या दारी कोण आहे? घरातील अंथरुणास खिळलेली वृद्ध माता? मंडळीतील एकाकी विधवा? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. दरी अजून पाऊलभरच आहे.

हे प्रभो, जे पाऊल मी पुढे टाकले, त्याची मला क्षमा कर, आणि पुढच्या वेळी मला थांबव. आमेन.