वाट मागण्याची रीत

वारीहून मंडळी परतली की आमच्या कांदिवलीत पुष्कळ दिवस एकच विषय असतो. यंदा किती चाललात? पायाला फोड आले का? दिवे घाट कसा चढलात? आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर पायी गेलेला माणूस कौतुकास पात्र आहे, यात शंका नाही. पण तोच माळकरी घरापासून दहा मिनिटांवरच्या मंदिरात हरिपाठाला रिक्षाने येतो, नाहीतर स्कूटर थेट पायरीला लावतो. मग चालणे हे वारीपुरते साधन आहे की नित्याचे, याचा विचार करावासा वाटतो.

चालणे म्हणजे तप, असे समजणारे पुष्कळ आहेत. तसे असते तर पोस्टमन, हमाल आणि चार घरची धुणीभांडी करून जिने चढणाऱ्या बाया यांना आपल्याआधी वैकुंठ मिळायला हवे. (मिळतही असेल.) वारीतल्या चालण्याचे मर्म पाय दुखण्यात नाही, भेटीत आहे. पायी चालताना समोरचा माणूस माणसाएवढा दिसतो. त्याला नमस्कार करता येतो, तोही आपल्या पायाला हात लावतो. गर्दीत पुढे जायचे झाले तर आपण काय म्हणतो? 'माउली, जरा वाट द्या.' अनोळखी माणसाला आई म्हणून हाक मारायची आणि मग वाट मागायची, ही रीत आपल्या संप्रदायाने लावली.

आता स्वामी विवेकानंद मार्गावर संध्याकाळी उभे राहून पाहा. वाट तिथेही मागतात, पण हॉर्न वाजवून. हॉर्नमध्ये हाक नसते. काठी टेकत निघालेली म्हातारी गाडीतल्याला आजी दिसत नाही, अडथळा दिसतो. आणि त्या गाडीच्या काचेवर कित्येकदा 'माउली' हीच अक्षरे रंगवलेली असतात, याचे मला फार वाईट वाटते.

कोणी शंका घेईल, महाराज, गुडघे साथ देत नाहीत, लोकल पकडायची असते, पावसात मुले शाळेत न्यायची असतात. गाडी वापरली तर पाप का? मुळीच नाही. माझेही गुडघे पंचाहत्तरीचे आहेत. वारीतही सामानाचे ट्रक आणि पाण्याचे टँकर असतातच. खुद्द माउलींच्या पादुका रथात असतात. मात्र त्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे तर शेकडो, आणि रथ त्यांच्या पावलाने चालतो. दिवे घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, त्या चढ चढण्यासाठी. दिंड्यांना मागे टाकण्यासाठी नव्हे.

चांगदेवांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ते वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन निघाले आणि इकडे भावंडांना घेऊन भिंत चालली. कीर्तनात आपण त्या भिंतीच्या चमत्कारावर रंगतो. मला त्यापुढचा भाग मोठा वाटतो. चांगदेव वाघावरून उतरले. वाघावर बसून पाया पडता येत नाही, उतरावेच लागते. भिंतही त्या दिवशी वाहनच झाली होती म्हणा, पण ती भेटायला निघाली होती.

पंढरीच्या वाटेवर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेने स्वतंत्र वाट योजली आहे. फार चांगले झाले. पण वर्षातून तीन आठवडे चालणाऱ्याला जी वाट मिळते, ती रोज चालणाऱ्याला का नको? २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आमच्या चारकोपात मात्र पदपथ शोधावा लागतो. ही वसाहत १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने उभी राहिली. मध्ये मोकळा चौक आणि भोवती बैठी घरे, अशी तिची रचना होती. त्या चौकात आम्ही भजने केली, पंगती उठवल्या. आता तिथे दुचाक्या इतक्या दाटीने लागतात की विणेकऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. त्या बाहेरच्यांच्या नाहीत, भजनाला येणाऱ्यांच्याच आहेत.

हरिपाठाच्या मंडळींपुढे परवा मी एक नेम मांडला. ज्याला चालवते त्याने एकादशीला चालत यावे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने ज्यांना चालवत नाही अशांना घेऊन यावे, गल्लीत शिरल्यावर हॉर्नला हात लावू नये, काच खाली करून 'माउली' म्हणावे. आणि गाडी पदपथावर लावू नये. पहिल्या तिन्ही गोष्टींना सर्वांनी माना डोलावल्या. चौथीला एकाने विचारले, "मग लावायची कुठे, महाराज?" त्याचा प्रश्न खरा आहे. पुढच्या एकादशीपर्यंत आम्ही जागा शोधतो आहोत.