उसने घेतलेले जनावर

(वाचनासाठी : निर्गम २२:१०-१५, २ राजे ६:१-७, लूक १०:३०-३५)

प्रश्न तसा लहान आहे. परंतु त्याने आमच्या मंडळीतील दोन कुटुंबांचे बोलणे तीन महिने बंद पाडले होते. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हौसेने घोडी पाळली आहे. वयोमानामुळे त्यांच्याकडून आता रपेट होत नाही. त्यांच्या शेजारच्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घोड्यावर बसण्याची फार आवड. गृहस्थ त्याला म्हणाले, "सकाळी घेऊन जात जा. तुझी हौस भागेल आणि घोडीचेही पाय मोकळे होतील." पैशांचे काही बोलणे झाले नाही. आपल्या माणसांत असे बोलणे कोण करतो?

पाच-सहा महिने सुरळीत गेले. मग एके सकाळी घोडी पुढच्या उजव्या पायाने लंगडत परत आली. गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे लागले. औषधे, इंजेक्शने, पट्ट्या, नालबंदाकडून नाल काढून घेणे आणि दोन महिने पूर्ण विश्रांती. बिल काही हजारांवर गेले. मालक म्हणाले, "माझी घोडी धडधाकट गेली आणि लंगडी आली. बसणाऱ्याने भरावे." मुलाचे वडील म्हणाले, "माझा मुलगा तुमची घोडी फुकट फिरवून आणत होता. त्यासाठी मोतद्दार ठेवला असता, तर पगार द्यावा लागला असता. वर बिल कसले मागता?" दोघेही उपासनेला येत, पण एक डावीकडच्या बाकावर बसे आणि दुसरा उजवीकडच्या. प्रभुभोजनाला दोघेही पुढे येत आणि एकमेकांकडे न पाहता परत जात.

पाळकसाहेबांनी मला मध्यस्थीला पाठवले. मी गेलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चूक कोणाची?" हा प्रश्न पहिला विचारायचा नव्हता, हे मला पुढे समजले.

वाचकहो, पवित्र शास्त्राला असले व्यवहार क्षुल्लक वाटत नाहीत. दहा आज्ञांनंतर दोनच अध्यायांनी मोशेचे नियमशास्त्र नेमक्या याच प्रश्नाकडे वळते. शेजाऱ्याकडून उसने घेतलेले जनावर जखमी झाले किंवा मेले आणि त्या वेळी धनी जवळ नसला, तर घेणाऱ्याने भरपाई केलीच पाहिजे. धनी जवळ असला तर भरपाई नाही. जनावर भाड्याने आणले असेल, तर नुकसान भाड्यातच आले. घोडे त्या काळी बहुधा राजांचे आणि सैन्याचे जनावर होते. सामान्य माणसाकडे गाढव आणि बैल असत. पण तत्त्व तेच आहे.

या तीन ओळींमागचा विचार पाहण्यासारखा आहे. भाडे घेणारा आपल्या जनावराच्या धोक्याचा मोबदला अगोदरच घेतो. धनी जवळ असला म्हणजे जनावर कसे वापरले जात आहे हे त्याला दिसते आणि तो थांबवू शकतो. परंतु उसने घेणाऱ्याला लाभ सगळा मिळतो आणि त्याने काहीच दिलेले नसते. म्हणून ज्याचा लाभ, त्याच्यावर भार. यहूदी शास्त्र्यांनी पुढे मिश्नाच्या 'बावा मेत्सिया' या भागात जनावर सांभाळणाऱ्यांचे चार प्रकार केले : फुकट सांभाळणारा, मोबदला घेऊन सांभाळणारा, भाड्याने नेणारा आणि उसने नेणारा. यांत सर्वांत जड जबाबदारी उसने नेणाऱ्याची ठरवली. तरीही पुढे तालमूदात एक सवलत दिली गेली. ज्या कामासाठी जनावर नेले, तेच काम नेहमीप्रमाणे करताना ते मेले, तर घेणारा सुटतो. कारण त्या कामासाठीच धन्याने ते दिले होते.

आपल्या देशाचा कायदाही याविषयी मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी, हे कलम १५१ मध्ये सांगितले आहे : साधारण शहाणा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी नाही, असे कलम १५२ सांगते. म्हणजे येथे आपला कायदा मोशेच्या नियमाहून सौम्य आहे. आणखी मौज अशी की, या कायद्यातील उदाहरणांत घोडाच पुन्हा पुन्हा येतो. घोडा द्वाड आहे हे माहीत असून मालकाने ते सांगितले नाही आणि बसणारा पडून जखमी झाला, तर दोष मालकावर येतो. उलट, स्वतः बसण्यासाठी उसना घेतलेला घोडा घरातल्या दुसऱ्याला दिला, त्याने तो जपून चालवला, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई घेणाऱ्याने द्यायची. कलकत्त्याहून बनारसला जायला भाड्याने घेतलेला घोडा कटकेला नेला, तरी तेच. कारण परवानगी जितकी, तितकाच आपला हक्क. परवानगीच्या पलीकडे टाकलेले पाऊल आपल्या हिशेबाचे.

मग बिल कोणी भरायचे, हे कायद्याने ठरले म्हणायचे का? इतके सोपे नाही. घोड्याचे दुखणे कोठून आले, हे पुष्कळदा सांगता येत नाही. लंगडेपणा त्या दिवशीच्या ठेचेने आला, की जुनी दुखापत कामाने उघडी पडली, हे डॉक्टरलाही निश्चित सांगणे कठीण जाते. घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे पोटशूळ उठला तर जिवावर बेतते. तो शूळ बसणाऱ्याच्या दौडीमुळे उठला, की मालकाने घातलेल्या चंदीमुळे, याची साक्ष कोण देणार? जनावर मुके आहे. जेथे कारण कळत नाही, तेथे प्रत्येक जण आपल्याला सोयीचे कारण धरून बसतो आणि त्यालाच न्याय म्हणतो.

आमच्या या भांडणात एक गोष्ट मला दिसली. दोघांनाही शास्त्र चांगले येत होते! मालकांनी मला निर्गमाचा बाविसावा अध्याय काढून दाखवला. मुलाच्या वडिलांनी लूकाचा सहावा अध्याय दाखवला, जेथे प्रभू येशू परतफेडीची आशा न धरता उसने द्यायला सांगतो. दोघांचीही वचने खरी होती. पण प्रत्येकाने दुसऱ्याचे वचन वाचले होते. निर्गमातील नियम उसने घेणाऱ्यासाठी आहे, आणि तो मालक वाचत होता. लूकातील आज्ञा देणाऱ्यासाठी आहे, आणि ती घेणारा वाचत होता. ख्रिस्ती माणसाने आपल्या नावाने आलेले पत्र वाचावे, शेजाऱ्याचे नव्हे. घेणारा "मी भरतो" म्हणाला आणि देणारा "राहू दे" म्हणाला, तर रक्कम ठरवायला दोन मिनिटे लागतात. देणारा "भर" म्हणाला आणि घेणारा "राहू द्या" म्हणाला, तर तीन महिनेही पुरत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, "अशाने गरिबाने कधी काही मागायलाच नको. जिवापाड जपूनही भुर्दंड त्याच्यावरच येणार!" हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच प्रभूची आज्ञा देणाऱ्याला आहे. ज्याच्या हाती सोडण्याचा अधिकार आहे, त्यानेच सोडावे. क्षमा ही मागून घेण्याची सवलत नव्हे. भरपाई देऊ करण्याअगोदरच जो क्षमेची अपेक्षा धरतो, तो शेजाऱ्याच्या प्रीतीतून आपला खर्च भागवतो. यार्देनेत कुऱ्हाडीचे पाते पडले, तेव्हा तो संदेष्ट्यांचा शिष्य कळवळून ओरडला, कारण कुऱ्हाड मागून आणलेली होती. पाते त्याने मुद्दाम टाकले नव्हते. तरीही ते दुसऱ्याचे होते, एवढेच त्याच्या मनाला लागले. असे मन असल्यावर कायदा काढून दाखवावा लागत नाही.

आणि प्रभूनेही उसने घेतले आहे. यरुशलेमेत प्रवेश करताना त्याने ज्या शिंगरावर बसून प्रवास केला, ते त्याचे स्वतःचे नव्हते. मार्क सांगतो की ते आणायला पाठवतानाच, ते लवकर परत पाठवले जाईल, असे सांगण्यास प्रभूने शिष्यांना शिकवले. सर्व सृष्टीचा जो धनी, त्याने परत करण्याचे वचन अगोदर दिले. आपण तर पुष्कळदा घेताना हसतो आणि परत करताना विसरतो.

आता माझ्या चुकलेल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. "चूक कोणाची?" याच्या अगोदर विचारायचे होते, "घोडी कशी आहे?" शोमरोनी माणसाने जखमी मनुष्याला स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक लागेल ते परतल्यावर देण्याचे कबूल केले. लुटारू कोण आणि खर्च कोणाच्या नावावर, हे त्याने अगोदर ठरवत बसले नाही. नीतिसूत्रे १२:१० प्रमाणे नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांचे आयुष्य घोड्यावरून उपदेश करत फिरण्यात गेले. त्यांनी आपल्या उपदेशकांना बजावले होते की, घोडा बेताने चालवावाच, शिवाय त्याला खरारा, चारा आणि बिछाना मिळतो की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. जनावराचे दुखणे आपल्या वादासाठी थांबत नाही. म्हणून प्रथम डॉक्टर बोलवावा, जो जवळ असेल त्याने पैसे द्यावेत, हिशेब मागाहून.

आणि हिशेब करताना सरळ करावा. निष्काळजीपणा झाला असेल किंवा परवानगीबाहेर वापर झाला असेल, तर घेणाऱ्याने सगळे भरावे. मालकाने ठाऊक असलेला दोष लपवला असेल, तर मालकाने सोसावे. दोघांचाही लाभ होत असेल आणि कोणाचीच चूक दिसत नसेल, तर दोघांनी वाटून घ्यावे. निव्वळ उसने असेल, तर घेणाऱ्याने आपण होऊन पुढे व्हावे. आणि सर्वांत बरे म्हणजे हे बोलणे पहिल्या दिवशीच व्हावे. आपल्या माणसांत व्यवहार बोलणे म्हणजे अविश्वास नव्हे. न बोलल्याने जे तुटते, ते बोलल्याने वाचते.

त्या भांडणाचे काय झाले? मी दुसऱ्या खेपेला गेलो, तेव्हा तबेल्यात घोडी पाहायला त्या मुलाला बरोबर नेले. तिच्या बांधलेल्या पायाकडे पाहून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी माझ्या मित्राला बसू दिले होते." हे त्याने आपल्या वडिलांनाही सांगितले नव्हते; ते बिचारे न कळत खोट्याची बाजू लढवत होते. मुलाने मालकांपुढे जाऊन तेच सांगितले. मला वाटले, आता म्हातारबाबा सगळे बिल पुढे टाकतील. पण तेही खाली पाहत म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात त्याच पायाला सूज होती. मी तुला सांगायला हवे होते." एकाच्या कबुलीने दुसऱ्याच्या कबुलीला वाट मिळाली. अर्धे बिल मुलगा शिकवण्यांच्या पैशांतून हप्त्याने फेडणार आहे. बाकीचे अर्धे मालकांनी सोसले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, हा प्रश्न मुलांना जरूर घाला. घोडा नको, मागून आणलेली सायकल घ्या, पुस्तक घ्या, मोबाइल घ्या. "तुटले तर काय करशील?" एवढेच विचारा आणि उत्तर ऐका. वेदीपुढे अर्पण ठेवण्याअगोदर भावाशी समेट करायला प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). त्या समेटाची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या न भरलेल्या बिलापासून करावी लागते. आपल्या घरात कोणाची वस्तू पडून आहे, कोणाचे नुकसान न सांगता राहिले आहे, हे येत्या प्रभुभोजनाअगोदर आपण प्रत्येकाने पाहावे. प्रभू आपणांस त्यासाठी साहाय्य करो.