विचारांचा हिशेब

तुझ्या आयुष्याचे ध्येय काय, हा प्रश्न आपण मुलांना पहिलीपासून विचारतो. ते ध्येय तुझ्या मनात कुठून आले, हे मात्र सहसा विचारत नाही. कुणी डॉक्टर म्हणते, कुणी पोलीस. उत्तर कधी अम्मीच्या इच्छेतून आलेले असते, कधी मोहल्ल्यात कुणाला लागलेल्या नोकरीतून. ध्येय उसने असले म्हणून वाईट ठरत नाही. ते उसने आहे हे ठाऊकच नसणे, हे मात्र नुकसानीचे आहे.

या शोधासाठी आपल्या परंपरेत 'मुहासबा' हा शब्द आहे. मराठीतला रोजचा 'हिशेब' त्याच अरबी धातूतून आला. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेले सूफी विचारवंत हारिस अल-मुहासिबी या आत्मपरीक्षणावरूनच 'मुहासिबी' म्हणून ओळखले गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी 1970 च्या दशकात 'मेटाकॉग्निशन', म्हणजे स्वतःच्या विचारांविषयीचा विचार, ही संज्ञा रूढ केली. शब्द नवा असला तरी गरज जुनीच आहे.

आम्हा शिक्षकांना तर इमाम गझालींचे उदाहरण पुरेसे आहे. 1091 मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य शिक्षक झाले. मान होता, कीर्ती होती. पण आपण शिकवतो ते कशासाठी, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि खुदाच्या रजेपेक्षा नावलौकिकाची ओढच त्यांना अधिक दिसली. सुमारे सहा महिने मनाची घालमेल चालली, शिकवताना जीभ चालेनाशी झाली. 1095 मध्ये त्यांनी बगदाद सोडले. हे सारे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. विशेष म्हणजे 1106 मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, नियत बदलली होती. आत्मपरीक्षणाने माणूस आपला पेशा बदलेलच असे नाही. पण त्या पेशामागचा 'का' बदलू शकतो.

आमच्या मारेगावसारख्या कापसाच्या मुलखात हा प्रश्न साध्या रूपात समोर येतो. उर्दू माध्यमाचे मूल घरी वऱ्हाडीचा रंग चढलेली बोली बोलते, शाळेत पुस्तकी उर्दू आणि बाजारात मराठी. मराठीतले शाब्दिक गणित समोर आले की ते म्हणते, "हमकू नहीं आता." काय येत नाही? वजाबाकी, की 'उर्वरित' हा शब्द? 'बाकी' म्हटले असते तर कदाचित उत्तर आले असते. हा फरक मुलाला कळला तर एक शब्द शिकून काम भागते. नाही कळला, तर 'मला गणित जमत नाही' हा निकाल आयुष्यभर चिकटतो आणि कित्येक वाटा तिथेच बंद होतात.

मुलींच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. पुढच्या शिक्षणासाठी गावाबाहेर जायची वेळ आली की एखादी मुलगी म्हणते, "मला शिकायचेच नाही." हे तिचे मत, की घरातली चिंता तिच्या तोंडून बोलते? नुसत्या विचाराने एसटीचे भाडे मिळत नाही की वसतिगृहात जागा मिळत नाही, हे खरे. तरीही 'नको आहे' आणि 'मिळत नाही' यांत मोठे अंतर आहे. 'नको' म्हटले की विषय संपतो. 'मिळत नाही' म्हटले की शिष्यवृत्ती शोधता येते, नातेवाईकांकडे शब्द टाकता येतो, आणि जबाबदारी त्या पोरीच्या डोक्यावर न राहता आपल्या सर्वांवर येते.

अर्थात, हिशेबाचा वसवसा होऊ नये. पेरणीपूर्वी शेतकरी बियाण्याचा विचार करतो, पण पुरेसा पाऊस झाला की त्याला पेरावेच लागते. उगवले नाही तर दुबार पेरणी असतेच. मात्र रोज माती उकरून बी पाहत बसणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही.

म्हणून पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मूल 'मला हे व्हायचे आहे' म्हणाले किंवा 'मला हे जमत नाही' म्हणाले, तर लगेच शाबासकी देऊ नका, रागावूही नका. 'असे तुला का वाटते?' एवढे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.