दुखणाऱ्याचा शब्द खरा माना



आमच्या कान्हे गावात भातलावणी लागली की माझी आई दिवसभर चिखलात वाकलेली असे. लावणी संपे, कंबरदुखी संपत नसे. पुढे ती कळ पायात टाचेपर्यंत उतरू लागली. शेजारणी म्हणत, मागल्या जन्माचे भोग आहेत. कोणी अंगारा आणून देई. आणि मी, तिच्याच मजुरीवर पदवीधर झालेला मुलगा, मनात म्हणे, फोटोत विशेष काही निघाले नाही, मग आई एवढी कण्हते का? अंगारा मी फेकून दिला, पण आईचा शब्दही खरा मानला नाही. हा दोष अंगाऱ्याइतकाच वाईट, हे मला उशिरा कळले.

ते कळले एका डॉक्टरांनी यंत्राची माहिती दिली तेव्हा. ठेच लागली की आपण बोट चोळतो आणि कळ कमी वाटते. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दरवाजा आहे, असा विचार मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. त्याच आधारावर अमेरिकेत डॉ. शीली यांनी १९६७ साली विजेचे पहिले यंत्र रोग्याच्या शरीरात बसविले. आज सुईवाटे बारीक तारा पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवतात. त्यातून सौम्य वीज जाते आणि मेंदूकडे जाणारी कळ दबते. मूळ रोग त्याने बरा होत नाही. खर्च लाखांत जातो, तार सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून आधी काही दिवस यंत्र शरीराबाहेर ठेवून चाचणी घेतात. कळ निदान निम्मी उतरली, तरच ते कातडीखाली कायमचे बसवितात.

आता विचार करा, या चाचणीचा निकाल कोण देतो? वेदना मोजणारा काटा कोणापाशीच नाही. डॉक्टर रोग्यालाच विचारतात आणि त्याचे उत्तर प्रमाण मानतात. आपला धम्मही हेच सांगतो ना, की या, स्वतः पाहा, अनुभवाला उतरले तरच स्वीकारा? मग घरातल्या आजारी माणसाचा अनुभव आपण खोटा कसा ठरवतो?

तथागतांनी बाणाचा दृष्टांत दिला आहे. अडाणी माणसाला एक बाण लागतो तो देहाच्या वेदनेचा, आणि लगेच दुसरा लागतो तो शोकाचा. मी म्हणेन, हा दुसरा बाण पुष्कळदा घरचेच मारतात. ‘भोग आहेत’, ‘ढोंग करते’ हे शब्द म्हणजे तोच बाण. खुद्द तथागतांची पाठ दुखे, तेव्हा ते आनंदाला उपदेश करावयास सांगून आडवे होत. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहा. मधुमेह आणि पायांच्या कळा त्यांनी वर्षानुवर्षे सोसल्या. आपल्या मावळातच, तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला आहे. त्या देहानेच त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काठीचा आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन ते उभे राहिले. त्यांनी दुखणे दैवाच्या माथी मारले नाही, उपचार घेतले. आपण जगलो ते माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कृतज्ञतेने नोंदविले.

आईने अजून यंत्राचे ठरविलेले नाही. निर्णय तिचा आहे. तिने विचारले, “चाचणीत मी सांगीन ते डॉक्टर खरं मानतील?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मग तू का नाही मानलंस?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा वाचकहो, आज घरी गेल्यावर ज्याचे दुखते त्याच्याजवळ बसा. कुठे दुखते, केव्हा दुखते, विचारा आणि वहीत लिहून घ्या. भगताकडे नव्हे, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. विहारात ज्यांना खाली बसवत नाही, त्यांना मानाने खुर्ची द्या. करुणेची सुरुवात इथूनच होते.

जयभीम!