पाहण्याचा कार्यक्रम

राहुरीत कोंबड्या पाळणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात, "अंडी किती?" यात लोकांचा दोष नाही. शेजारीच महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ सालचं. त्यामुळे आमच्याकडे ऊस टनांत, गाय लिटरांत आणि कोंबडी अंड्यांत मोजायची रीत आहे. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी घालते, हे आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल.

मी निवृत्तीनंतर पाळली ती पोलिश कॅप जातीची जोडी. अंडी बेताचीच, पण डोक्यावर काय ती शेंडी! जणू शेवंतीचं फूल उमललंय. किंमत मी सौ.ला निम्मीच सांगितली. तरी ती म्हणालीच, "अंडी नाहीत, रस्सा नाही, मग ही करते काय?"

"दिसते," मी म्हणालो.

हे उत्तर मला फार तात्त्विक वाटलं. गुलाबाला कुणी विचारतं का, तुझी भाजी किती माणसांना पुरते? मग कोंबडीनंच काय घोडं मारलंय? इंग्लंडात १८३५ साली कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्या आणि १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. म्हणजे रक्त सांडून मिळणारं बक्षीस रूपावर मिळू लागलं. माणुसकीची केवढी ही प्रगती! हे व्याख्यान मी शेजाऱ्यांना तीनदा दिलं. चौथ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही.

पुढे एका प्रदर्शनाचा सुगावा लागला. आमच्या कोंबड्याला, म्हणजे सरदारला, मी नातीच्या शाम्पूनं न्हाऊ घातलं. पायांना खोबरेल चोळलं. पिंजऱ्यात ऐटीत उभं राहायची शिकवणी घेतली. माझ्या पोरांच्या परीक्षेच्या वेळीही मी इतका राबलो नव्हतो.

आदल्या दिवशी सौ. दाणे टाकत होती. सरदार दाण्यांकडे निघाला आणि सरळ पाण्याच्या भांड्यावर आदळला.

"अहो, याला दिसत नाही!"

"शेंडी डोळ्यांवर येते थोडी. जातीचं लक्षणच आहे ते."

"मग कापा की चार पिसं."

"कापली तर गुण जातात!"

प्रदर्शनात परीक्षकांनी सरदारला उचललं, पंख उलगडून पाहिला, बोटं मोजली, शेंडी चाचपली. वरून येणारा हात त्याला दिसत नव्हता. दर वेळी तो दचकायचा. दुसरा नंबर आला. मी ढाल छातीशी धरून एस.टी.त बसलो. सौ. गप्प. राहुरी जवळ आल्यावर म्हणाली, "तुम्ही मला पाहायला आला होतात ना, तेव्हा मामांनी मला चालून दाखवायला लावलं होतं. वेणीची लांबी पाहिली, सुईत दोरा ओवायला लावला. सगळ्यांनी मला पाहिलं. मला मात्र तुमच्या चपला तेवढ्या आठवतात. मान वर करायची नव्हती ना."

चाळीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी तो कार्यक्रम उत्तम पार पडला होता. पोहेही चांगले झाले होते.

रात्री झोप येईना. डार्विननं १८६८ साली लिहून ठेवलंय की या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष लाल रानकोंबडा. तो अजूनही आपल्या देशातल्या जंगलांत आहे. त्याला असली शेंडी नाही. असती तर पहिल्याच संध्याकाळी तो कोल्ह्याच्या पानात पडला असता. शेंडी वाढवली ती माणसानं, पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या शेंडीचा नर मोठ्या शेंडीच्या मादीला देऊन. अंडी मोजणारा कोंबडीकडे अंडी तरी मागतो. मी तिचे डोळेच मागितले होते, आणि वर त्याला सौंदर्यदृष्टी म्हणत होतो. दृष्टी माझी, अंधार त्याचा!

सकाळी कात्री घेतली. सौ.नं सरदारला धरलं, मी डोळ्यांपुढची पिसं कापली. पुढल्या वर्षीची ढाल गेली, हे कळत होतं. हात थोडा अडखळलाही, खोटं कशाला सांगू? आता शेजारच्या गावरान खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली आहेत. जी पिल्लं मोठी होऊन नीट पाहू शकतील, त्यांचीच पुढे जोडी लावायची, असं ठरवलंय.

कात्री खाली ठेवल्यावर सरदारनं मान वाकडी करून मला नीट न्याहाळलं. बहुधा पहिल्यांदाच. मग दोन पावलं मागे सरून तो सौ.च्या पायांशी जाऊन उभा राहिला.

"पसंत नाही पडलात," सौ. म्हणाली.

"आणि तुला?" मी विचारलं.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. निकाल अजून राखून ठेवलाय.