काम झाले की जागेवर

नवा स्मार्टफोन घरात आला की पहिले काही दिवस तो फार जपला जातो. काच बसवली जाते, कव्हर चढते, लेकरांना हात लावू दिला जात नाही. तीन-चार महिन्यांत ही नवलाई ओसरते. कव्हर पिवळे पडते, सुप्रभाताच्या चित्रांनी मेमरी भरत येते आणि दिवसातला कोणता वेळ फोनचा, हेही ठरून गेलेले असते. ते आपण ठरवले की आपसूक ठरले, हे तपासण्याची हीच वेळ.

आमच्या वाशीम जिल्ह्यात फोन आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. रिसोडचा किंवा मंगरूळपीरचा शेतकरी आपल्या वावरात उभा राहून सोयाबीनचा फोटो काढतो, फोन ती जागा टिपतो आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर जाते. ही नोंद राहून गेली तर नुकसानभरपाईच्या आणि हमीभावाने विक्रीच्या वेळी अडचण येते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम-किसानचा अठरावा हप्ता वाशीम इथल्याच कार्यक्रमातून सोडला गेला. तो खात्यात आला की नाही, हे बघायला पुष्कळांनी आधी फोनच काढला असेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा धोका असला तर आधी सावध करते. ऐन पावसाळ्यात उघड्या रानात निंदणाऱ्या बायांसाठी तो इशारा जिवाच्या मोलाचा आहे.

म्हणजे फोन हे आता शेतकऱ्याचे अवजार झाले आहे. पण तिफण, वखर, डवरा यांचा एक गुण त्याच्यात नाही. पेरणी झाली की तिफण मुकाट्याने गोठ्यात पडून राहते; ती रात्री अकराला हाक मारत नाही. फोन मारतो. पीक पाहणीसाठी उघडलेल्या पडद्यावरच वरून एखादी सूचना उतरते, तिच्यावर बोट पडते, एका व्हिडिओखाली दुसरा तयारच असतो, आणि धुऱ्यावर बसल्या बसल्या अर्धा तास निघून जातो. यात माणसाच्या आळसाचा दोष थोडाच. आपण जितका वेळ बघत राहू तितक्या जाहिराती दिसतात, आणि त्यावरच या अ‍ॅपवाल्यांची कमाई चालते. म्हणून पडद्याला शेवट ठेवलेलाच नाही. तो शेवट आपल्यालाच आखावा लागतो.

त्यासाठी फोन फेकून द्यायला नको. एका संध्याकाळी सेटिंग उघडावी आणि प्रत्येक अ‍ॅपला विचारावे : तू मला कशासाठी हाक मारतोस? विजेचा इशारा, बँकेचा मेसेज, घरच्यांचा फोन एवढ्या हाका राहू द्याव्यात. बाकीच्या बंद कराव्यात. त्याच सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असेल तर दिवसभरात कुठे किती वेळ गेला, ते तिथे दिसते. तो आकडा न रागावता, नीट बघावा. चार्जिंगची जागा उशाजवळून हलवून ओसरीवर न्यावी. जेवताना ताटाशेजारी फोन नसेल, हा नियम मोठ्यांनी आधी पाळावा. लेकरे सांगितलेले कमी आणि पाहिलेले जास्त शिकतात.

आणखी एक करावे. घरातल्या आजीला, वडिलांना फोन शिकवताना त्यांच्या हातातून तो ओढून घेऊन काम उरकू नये. पुण्यात शिकणाऱ्या नातवाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा, आलेला ओटीपी कोणालाही का सांगायचा नाही, हे त्यांच्याच बोटांनी, पुन्हा पुन्हा करून घ्यावे. फोनमुळे घरातला कोणी परावलंबी झाला तर ते अवजार अजून घराच्या कामी आलेले नाही.

नवलाईचे दिवस संपले, हे बरेच झाले. आता त्या वस्तूशी सरळ व्यवहार करता येतो. कामासाठी ती हातात घ्यावी, काम मनापासून करावे आणि झाले की जागेवर ठेवावी. मोकळा झालेला हात मग शेजारी बसलेल्या माणसासाठी असतो.