देणारा गेल्यावर काय उरतं?

परक्या देशातून आलेलं धान्य भुकेल्याच्या पोटात जातं तेव्हा ते पुण्यच असतं. पुढचा विचार हे मान्य करूनच मांडायला हवा. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाऊन महाराष्ट्रातली कितीतरी घरं तगली. त्या घरांसमोर मदतीला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आजची भूक भागणं वेगळं आणि उद्याच्या अन्नाची शाश्वती असणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर समजून घ्यायचं, तर आमच्या उरणच्या खाडीकाठचा खारबांध पाहावा.

त्याआधी देशाचा अनुभव थोडक्यात. १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली करार झाला आणि गव्हाची जहाजं आपल्या बंदरांना लागू लागली. १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावं लागलं. त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मदतीचा हात आखडता घेतला. पुढचं जहाज सुटेल की नाही, हे महिन्या-महिन्याला वॉशिंग्टनमध्ये ठरू लागलं. आणि त्याच १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं. एक कोटी टनांपुढे हा आकडा किती लहान! ते कोटी टन वर्षभरात खाऊन संपले. हे अठरा हजार टन शेतात पेरले गेले आणि त्यातून पुढची पिकं उभी राहिली. बियाण्याच्या मागे आपले शास्त्रज्ञ, पंजाबचे शेतकरी, कालवे आणि सरकारी खरेदी उभी होती, म्हणून ते रुजलं. नुसतं बी आलं असतं तर तेही खाऊन संपलं असतं.

आता खारबांध. उरणच्या पूर्व भागात, खोपट्यापासून आवरे, गोवठणे, पुनाड्याकडे भाताची जी खाचरं दिसतात, त्यातली कितीतरी मुळात भरतीच्या पाण्याखालची जमीन. आगरी-कोळ्यांच्या पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून ती समुद्राकडून मिळवली. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला खाडी उतरली की पावसाचं पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडतं, आणि भरती आली की खाडीच्याच दाबाने तीच झडप घट्ट मिटते. माणूस जवळ नसला तरी हे काम दिवसातून दोनदा होतं. आत पावसाच्या पाण्याने माती धुतली जाते, मीठ उतरतं आणि मग काळा रता, भुरा रता यांसारखी खार सोसणारी भातं येतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच जुन्या वाणांवर काम केलं आणि पुढे पनवेल-१, २, ३ हे सुधारित वाण दिले. कुठे लावणी न करता मोड आलेलं बी चिखलात फोकून रहू पेरतात. भाताच्या जोडीला खाचराकाठच्या तळ्यात जिताडा मासा वाढतो. अन्नसुरक्षा हा शब्द गावात कुणी उच्चारला नसेल, पण ती याहून वेगळी काय असते?

या साऱ्याचा घात करायला एक खेकडा पुरतो. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, उधाणाच्या दिवशी तिथेच माती सुटते आणि खांड पडते. वेळेवर चार पाट्या चिखल पडला तर भागतं. नाही पडला तर आठवडाभरात खांड इतकी रुंदावते की गावाच्या हाताबाहेर जाते. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की ते वर्ष तर बुडतंच, शिवाय मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात.

अशा वेळी मदत कोणती द्यायची? बुडालेल्या घरांना तांदूळ द्यावाच लागतो, कारण चूल थांबत नाही. पण तांदूळ देत राहणं आणि खांड बुजवून देणं यांत फरक आहे. हा फरक परदेशी मदतीनेही ओळखला होता. युरोपीय समुदायाच्या साहाय्याने कोकण किनाऱ्यावर खारजमिनी सुधारण्याचा प्रकल्प झाला, बांधांना आणि उघाड्यांना पैसा मिळाला. ही मदत मला धान्याच्या जहाजापेक्षा मोलाची वाटते, कारण देणारा परत गेल्यावरही बांध पाणी अडवत राहतो.

मात्र किती दिवस? इथे खरी गोष्ट येते. बांध ही एकदा बांधून मोकळं होण्याची वस्तू नाही, त्याला दरवर्षी हात लागावे लागतात. पूर्वी गाव मिळून बांधाची राखण करी. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने ही जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. मोठ्या बांधांना सरकारी पैसा हवाच होता, त्यात वाद नाही. पण गावाचा हात सुटला आणि खात्याचा हात वेळेवर पोचेना, असं अनेक ठिकाणी झालं. नापीक झालेल्या खाचरांत कांदळवन माजलं. ते कांदळ राखायलाही हवं, पण त्याखाली गेलेली शेती परत आणणं आता कायद्यानेही अवघड आहे.

याच तालुक्याने बाहेरच्या पैशाचं दुसरं रूपही पाहिलं. न्हावा-शेवाचं बंदर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने उभं राहिलं आणि १९८९ मध्ये सुरू झालं. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू जपानी कर्जातून झाला, तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. देशाला दोन्ही हवे होते. पण सावरखार, जसखारच्या परिसरातली शेती आणि मिठागरं त्या विकासात गेली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. पिकवणाऱ्याला विचारल्याशिवाय आलेला पैसा ताटातला भात कमी करू शकतो, हे उरणला कुणी शिकवायची गरज नाही.

आज न्हावा-शेवाहून तांदळाचे कंटेनर परदेशी जातात. २० जुलै २०२३ रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्या तांदळावर पोट असलेल्या आफ्रिकेतल्या देशांची तीच गत झाली जी १९६६ मध्ये आपली होती. देशातला भाव आवरायला आपण तसं केलं, पण हात आखडणाऱ्याच्या जागी या वेळी आपण होतो. त्या देशांना आपण देणं लागतो ते केवळ धान्य नाही. खार सोसणारं बी, उघाडी बांधण्याचं कसब आणि खारभूमीचं शास्त्र आपल्याकडे आहे. किनाऱ्यावरच्या गरीब देशांना ते कामी येईल.

पण ते द्यायचं तर आधी घरचा बांध शाबूत हवा. बंदरालगतच्या कंपन्या आपला सामाजिक निधी गावांत खर्च करतात. त्यातला काही वाटा बांधांच्या वार्षिक डागडुजीला ठेवावा आणि कामाची देखरेख त्या-त्या गावच्या शेतकऱ्यांकडे द्यावी. खारभूमी खात्याने उघाड्यांची पाहणी मे महिन्यातच उरकावी. आणि ग्रामसभांनी तोवर वाट पाहत बसू नये. पहिल्या उधाणाआधी बांधावरून एकदा चालत जावं आणि खेकड्याचं बीळ दिसेल तिथे चिखल टाकावा.